नुसत्या गाड्या तर बघायच्या!

रेल्वेगाड्या बघायला काय अक्कल लागते, असं माझं मत होतं. गाडी येते, आपण उभे असतो, गाडी जाते. यात शिकण्यासारखं काही असतं तर क्लासवाल्यांनी एव्हाना त्याच्या बॅचेस काढल्या असत्या. त्यातून मी डोंबिवलीचा. लोकलच्या दारात लोंबकळण्यात ज्याची तारुण्याची सगळी वर्षं गेली, त्याला कुणी ‘चल, दोन दिवस गाड्या बघायला जाऊ’ म्हणालं, तर तो आधी म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल.

म्हणणारा माझा भाचा होता. हा मुलगा नुसता हॉर्न ऐकून इंजिनाची जात सांगतो. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मात्र त्याला विचारायचं नाही. तो म्हणाला, “मामा, शनिवार-रविवार बोरघाटात येतोस का? पाऊस गेलाय, हवा स्वच्छ आहे, डोंगर अजून हिरवे आहेत. स्पॉटिंगचा हाच सीझन.” दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, म्हणजे घरोघरी माळे उतरवायचे दिवस होते. आमच्या माळ्यावर काय काय आहे हे माझ्या वडिलांनाही नक्की माहीत नव्हतं. मी तत्काळ होकार दिला. त्यात रेल्वेवरचं प्रेम किती आणि माळ्याची धास्ती किती, याचा हिशेब कुणी मागू नये.

एकदा जायचं ठरल्यावर मी तयारी मात्र कसून केली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला रकाने आखल्याशिवाय कुठल्याच गोष्टीचा आनंद घेता येत नाही, म्हणून एका वहीत वेळ, गाडी, इंजिन, डबे आणि शेरा असे रकाने पट्टीने आखले. शेजारच्या काकांकडून दुर्बीण आणली. तिच्याबरोबर ती कशी धरावी, कशी पुसावी आणि कुणाच्या हातात देऊ नये, यावरचं त्यांचं व्याख्यानही ऐकून घेतलं. हिनं दशम्या, चटणी, चिवड्याची मोठी पिशवी आणि उन्हात डोक्याला बांधायला एक लाल पंचा दिला. पंचा लाल आहे याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

कल्याणला आम्ही पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यात बसलो. शेवटचाच डबा का, तर बँकर मागे लागतात म्हणून. कर्जतपासून लोणावळ्याकडे रूळ सदतिसास एक या चढानं वर जातात, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पंचवीसेक किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून जास्त चढायचं असतं. गाडीचं इंजिन एवढं एकट्यानं ओढू शकत नाही, म्हणून कर्जतला मागून आणखी इंजिनं लावतात आणि ती लठ्ठ पाहुण्याला रिक्षात चढवताना मागून हात द्यावा तशी गाडीला घाटभर रेटतात. या इंजिनांना म्हणतात बँकर. सबंध नोकरी बँकेत करूनही बँकर दुसऱ्याला वर चढवतो हे मला नवीन होतं. आमच्याकडे उलटं असायचं.

“मामा, कर्जतला मागे जाऊन बँकर जोडताना बघू,” भाचा म्हणाला. “पण पटकन परत यायचं.”

“तू हो पुढे,” मी म्हणालो. “मी दोन वडे घेऊन आलोच.”

आता कर्जतला उतरून वडा न खाणं हे मला देवळात जाऊन घंटा न वाजवण्याइतकंच अशक्य आहे, एवढं तुम्ही समजून घ्याल. रांग फार नव्हती. वडे तळणीतून नुकते निघालेले, चटणी सढळ, पाव ताजे, सगळं जुळून आलं होतं. मी फोन काढून ठिपक्यांच्या चौकोनावर धरला, रक्कम टाकली, आकडे दाबले, आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. “पाठवले हो,” मी म्हणालो. वडेवाला शांतपणे म्हणाला, “डबीतली बाई बोलली नाही अजून.” गल्ल्यावर ठेवलेल्या त्या डबीकडे आम्ही दोघेही बघत राहिलो. वडे त्याच्या हातात, पाव माझ्या हातात. तेवढ्यात माझ्या पाठीमागे काहीतरी सरकायला लागलं. वळून बघतो तर गाडी. दारात भाचा उभा, हातवारे करतोय, मी पाव हलवतोय. तो डबा गेला, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याला बफर भिडवून, दोन अगडबंब विजेची इंजिनं माझ्या समोरून, चार पावलांवरून गेली. फलाट पायाखाली थरथरत होता, तापलेल्या लोखंडाचा वास येत होता, पंख्यांचा घोंगाटा एवढा की कानांत दडे बसावेत. मागच्या इंजिनातल्या माणसानं खिडकीतून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पावांकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. भाचा ज्यासाठी महिनाभर बेत आखत होता ते मी इतक्या जवळून बघितलं, आणि तो होता गाडीत. इंजिनं दिसेनाशी झाली तेव्हा डबी बोलली, “रुपये प्राप्त झाले.”

पुढच्या गाडीचं जनरलचं तिकीट काढून मी दाराजवळच्या गर्दीत शिरलो. शेजारी एक आजी पिशवीवर बसल्या होत्या, पुण्याला लेकीकडे निघाल्या होत्या. भाच्यानं येताना दिलेली माहिती अजून ताजी होती आणि श्रोता आयता मिळाला होता, म्हणून मी सुरू केलं. “आजी, हा घाट १८६३ साली सुरू झाला बरं का. हा बोगदा बघा, थेट त्या काळातला.”

“हा नव्हे,” आजी म्हणाल्या. “हा मागाहूनचा. खंडाळ्याच्या अलीकडे जुनी लाइन वेगळी होती. तिथे रिव्हर्सिंग होतं.”

“काय होतं?”

“अहो, गाडीला सरळ वर जायला जागाच नव्हती. गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं वर न्यायची. एकोणतीस सालापर्यंत असंच होतं. आमच्या सासूबाई सांगायच्या, पुण्याला जाताना अर्धी वाट तोंड पुढे आणि अर्धी वाट पाठ पुढे.”

आजींचे सासरे याच घाटात केबिनवर होते. बोगदा आला की आजी आपोआप गप्प व्हायच्या आणि उजेड आला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं बाहेर पाटी दिसायच्या आधी त्यांच्या तोंडून यायची. मी बोगद्यांचीच संख्या लिहून घ्यायची म्हणून वही काढली, तर अंधारात पेन सापडेना आणि पेन सापडलं तेव्हा बोगदा संपलेला. असं वर खंडाळ्यापर्यंत चाललं. “तेव्हा खेकडा इंजिन असायचं,” आजी म्हणाल्या, आणि त्याबद्दल बरंच काही सांगत राहिल्या. मग पिशवीतून डबा काढला.

लोणावळ्याच्या फलाटावर भाचा माझ्या दशम्या खात बसला होता. मी सहज म्हणालो, “गाडीत एक आजी भेटल्या. खेकडा इंजिन म्हणत होत्या, असं काही असतं का रे?”

त्याची दशमी हातातच राहिली. “डब्ल्यूसीजी-वन! स्विस डिझाइनचं, लांब नाकाडांचं! घाट इलेक्ट्रिक झाला तेव्हाचं! मामा, दिल्लीच्या म्युझियममध्ये एक ठेवलंय ते बघायला मी खास गेलो होतो. त्यांनी ते घाटात चालताना पाहिलंय? काय काय सांगितलं? फोन नंबर घेतलास ना?”

“नाही,” मी म्हणालो. “नारळाची वडी घेतली.”

रात्रीपर्यंत तो माझ्याशी मोजकंच बोलला. लॉजवर मात्र त्याला राहवेना आणि त्यानं मला ॲलिस ट्रेडवेलची गोष्ट सांगितली. घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराचं काही जमेना, म्हणून १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत आजारानं गेला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, बोट पकडून मायदेशी परतायचं सोडून दोन जाणकार इंजिनियर हाताशी धरले आणि कंत्राट पुढे चालवलं. १८६१ साली या डोंगरात चाळीस हजारांवर माणसं खपत होती. पटकीनं आणि तापानं माणसं पटापट मरत होती, त्यांची नावंही कुठे राहिली नाहीत. ऐकून मी अगदी भारावलो. ही असली गोष्ट हिला सांगावी म्हणून लगेच फोन लावला आणि रंगवून सांगितली.

“म्हणजे काम घेतलं नवऱ्यानं आणि पुरं केलं बायकोनं,” ही म्हणाली. “बरं. माळा आवरून झालाय, तेच सांगायला मी फोन करणार होते.”

रविवारी पहाटेच आम्ही खंडाळ्याच्या बाजूला एका टेकाडावर जाऊन बसलो. रुळांपासून चांगलं लांब, कारण रुळांत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे भाच्यानं मला आदल्या रात्री दोनदा बजावलं होतं. टेकाडावर मात्र स्वर्ग होता. गवत गुडघाभर, त्यावर दंव, मधूनमधून पिवळी सोनकी, समोर नागफणीचा सुळका आणि खाली दरीत रुळांची चमकती रेघ. मी थर्मासमधला चहा ओतला, वही उघडली आणि दुर्बीण डोळ्याला लावून सज्ज झालो, कारण सव्वासातला पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन येणार होती. १ जून १९३० पासून धावते आहे ही राणी. तिच्यासाठी मी वहीत एक अख्खी ओळ राखून ठेवली होती.

“अप क्वीन आली की सांगतो,” भाचा म्हणाला.

अप म्हणजे वर. वर यायची तर खालून यायला हवी, हे कळायला रेलफॅन असावं लागत नाही. मी दुर्बीण खालच्या बोगद्याच्या तोंडावर रोखली आणि श्वास धरून बसलो. हॉर्न ऐकू आला. चाकांचा आवाज वाढत गेला. बोगदा काळा तो काळाच. आवाज मोठा होत होत कमी व्हायला लागला तेव्हा मी दुर्बीण खाली घेतली, तर भाचा माझ्या पाठीमागच्या दिशेला तोंड करून कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी ती अप आणि मुंबईहून निघालेली ती डाऊन. त्यामुळे या घाटात अप गाडी उतरते आणि डाऊन गाडी चढते. हे त्यानं मला कल्याणलाच सांगितलं होतं म्हणे. राखून ठेवलेल्या ओळीत मी लिहिलं, ‘डेक्कन क्वीन: ऐकली.’

त्यानंतर एक लांबलचक मालगाडी चढायला लागली. तिचे फोटो भाच्याला नको होते, आवाज हवा होता. पुढचं इंजिन लांबून येतं, समोरून जातं, मग कितीतरी वेळ नुसती वाघिणींची खडखड, आणि शेवटी मागून रेटणाऱ्या बँकरांचा गडगडाट दरीत भरून राहतो, असा तो सगळा सोहळा. त्यानं केसाळ टोपी घातलेला छोटा माइक गवतात ठेवला, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. मीही डोळे मिटले. आता अशा वेळी माणसाला भूक लागते यात त्याचा काय दोष? मी पिशवीची गाठ इतक्या हळूच सोडली की मला स्वतःला ऐकू आली नाही. माइकला आली. ते रेकॉर्डिंग आजही त्याच्याकडे आहे, कुणीही ऐकावं: आधी दुरून इंजिन, मग वाघिणी, मग प्लास्टिकची प्रचंड चुरचुर, मग दाढेखाली शेंगदाणा, आणि बँकर ऐन समोर आलेले असताना एक तृप्त आवाज, “वा! खोबऱ्याचे काप घातलेत हिनं.”

दुपार झाली तशी ऑक्टोबर हीट सुरू झाली. मी पंचा डोक्याला गुंडाळला. भाचा दुसऱ्या कोनातून फोटो घ्यायला पलीकडच्या उंचवट्यावर गेला आणि मी एकटाच राहिलो. तेवढ्यात एक एक्स्प्रेस घाट उतरत येताना दिसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी योग्य दिशेला तोंड करून बसलो होतो. त्या आनंदात मी उठलो, डोक्यावरचा पंचा सोडला आणि जोरजोरात हलवून गाडीला सलामी दिली.

गाडी थांबली.

मी हातातल्या लाल पंच्याकडे बघितलं. मग त्या गाडीकडे बघितलं, जिच्यात हजारभर माणसं असतील. मग कलम १४७ आठवलं, आणि त्याच्या पुढेमागे आणखी किती भयंकर कलमं असतील तेही आठवलं. पुढच्या क्षणी मी पंचा पोटाशी धरून करवंदीच्या जाळीत होतो. करवंदीला काटे असतात ही गोष्ट शाळेतच कळलेली असते, पण कुठे कुठे टोचू शकतात ते आत बसल्यावर कळतं. थोड्या वेळानं गाडी शांतपणे निघून गेली. मी मात्र भाचा शोधत येईपर्यंत बाहेर आलो नाही.

“अरे मामा, इथे प्रत्येक उतरणारी गाडी थांबते!” त्याला बोलायला वेळ लागला, कारण तो आधी गवतात लोळून हसला. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती थेट खाली सुटेल, म्हणून वाटेत कॅच सायडिंग ठेवलेली असतात. म्हणजे डोंगराच्या अंगाला चढत जाणारा आणि वाळूत संपणारा एक फाटा. एरवी सांधा त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी अलीकडे पूर्ण थांबून दाखवते, म्हणजे ताबा सुटलेला नाही हे सिद्ध करते, तेव्हाच सांधा फिरतो आणि तिला पुढची वाट मिळते. न थांबलेली गाडी आपोआप त्या फाट्यावर चढून वाळूत रुतते. घाटात चढण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, असं भाचा म्हणाला. मी अंगातले काटे काढत होतो.

एवढं ज्ञान मिळाल्यावर गप्प बसलो असतो तर तो मी नव्हे. थोड्या वेळानं मोटारीनं आलेलं एक कुटुंब टेकाडावर चढून आलं. आई, बाबा आणि पाचेक वर्षांची एक चुणचुणीत मुलगी. वरून गाडी उतरत होतीच. मी मुलीला म्हणालो, “बघ हं, मी गाडी थांबवतो.” पंचा ठेवून दिला होता. नुसता पंजा पुढे केला. गाडीचा वेग कमी कमी होत गेला आणि ती माझ्या पंज्यासमोर मुकाट्यानं उभी राहिली. मुलगी तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होती. तिच्या बाबांनीही माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. नोकरीत इतकी वर्षं काढून कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

“आता सोडा,” मुलगी म्हणाली.

मी हात खाली घेतला. गाडी जागची हलली नाही.

“हिरवा झेंडा लागतो,” मी म्हणालो, आणि शेजारच्या सागाचं एक भलं मोठं पान तोडून उंच धरलं. काही नाही. पान हलवलं. काही नाही. पुढे मार्ग मोकळा नसावा. हात बदलला. ऊन तापलेलं, पान कोमेजून मान टाकायला लागलेलं, आणि मी पुतळा होऊन उभा. गाडीच्या दारात बसलेली दोन पोरं आता माझ्याकडे बोट दाखवायला लागली होती. भाचा लांबून फोटो काढत होता. तो गाडीचा नव्हता, हे मला नंतर कळलं.

शेवटी त्या मुलीनं बाबांचा हात ओढला आणि म्हणाली, “चला ना बाबा, या काकांचं बिघडलंय.”

ते कुटुंब मोटारीत बसून निघून गेलं. मग गाडी सुटली.

माझ्या वहीत ओळी कमी आणि शेरे जास्त झाले, पण भाचा पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार आहे. माझ्यासाठी नव्हे. आजींना शोधून काढायचंय त्याला, आणि त्यांचा चेहरा फक्त मी पाहिलाय.

तुम्हाला जायचं असेल तर शरदातच जा. पावसाळ्यात ढगात काही दिसत नाही आणि उन्हाळ्यात डोंगर करपलेले असतात. टेकाडावर बसायचं नसेल तर मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या, खिडक्या उघडणाऱ्या गाडीचा अगदी शेवटचा डबा पकडा. घाटभर बँकरांचा आवाज पाठीशी राहतो. लाल काही नेऊ नका. खिशात सुटे पैसे ठेवा. आणि कर्जतला फलाटावर मुळीच उतरू नका, वडेवाले खिडकीपाशी येतात.